ऑटोटूल्स काढून मेसन: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आजपासून हे लिहून ठेवतोय, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टचं बिल्ड टूल बदलायचा हाच प्रयत्न एकदा अर्धवट सोडला होता आणि तेव्हा नक्की कुठे गाडी अडली ते आता कोणालाच आठवत नाही, मलाही नाही.

प्रोजेक्ट तसा लहान आहे. सी मधली लायब्ररी, फोटोच्या फायलींमधला मेटाडेटा वाचते-लिहिते, सोबत एक कमांड लाइन टूल, थोडी मॅन पेजेस, शेल स्क्रिप्टमधल्या टेस्ट. बिल्डला (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला) ऑटोटूल्स, म्हणजे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल अशी तिघांची दिंडी.

निमित्त झालं एका बग रिपोर्टचं. एकाने रिस्क-व्ही ६४ बोर्डवर आमचा टारबॉल (रिलीजच्या सोर्सचं गाठोडं) उघडला, कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं आणि ते दोन सेकंदात म्हणालं की ही मशीन कुठली ते कळत नाही. बघितलं तर कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फायली कोणीतरी २०१२ च्या आसपास थेट रेपोत कमिट करून ठेवल्यात, त्यांना हा प्रोसेसर माहीतच नाही. ठीक आहे, नव्या फायली आणून टाकल्या, दोन मिनिटांचं काम. मग म्हटलं आता हात लावलाच आहे तर ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर नव्याने तयार करणारी कमांड) पण चालवून बघू. झक मारली. पानभर वॉर्निंग, हा मॅक्रो जुना झाला, तो मॅक्रो जुना झाला. ऑटोकॉन्फ २.६९ आलं एप्रिल २०१२ ला आणि २.७० आलं डिसेंबर २०२० ला, मध्ये आठ वर्षं काहीच नाही, त्यामुळे आमच्यासारख्या सगळ्यांना वाटलं की हे असंच चालत राहणार.

कॉन्फिगर.एसी, ज्यावरून कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार होते ती फाइल, ६४० ओळींची आहे. ती पूर्ण समजणारा माणूस एक, आमचे मूळ मेंटेनर, आणि ते आता महिन्यातून एकदा मेल बघतात.

५ जानेवारी, रविवार

काय घ्यायचं यावर दिवसभर चर्चा. तीन पर्याय होते: आहे तेच साफ करणं, किंवा सीमेक नाहीतर मेसन ही दुसरी बिल्ड टूल.

आहे तेच साफ करा असं म्हणणारे मूळ मेंटेनर, आणि त्यांचा मुद्दा साधा आहे आणि मला तो पूर्ण पटतो. ते म्हणाले, ऑटोटूल्सचा टारबॉल घेणाऱ्याला फक्त शेल, मेक आणि सी कंपायलर लागतो, बाकी काही नाही; तुम्ही मेसन आणलं की पायथन आलं, मग निंजा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं टूल) आलं. खरंच आहे. ऑटोकॉन्फ १९९१ चं, ऑटोमेक १९९४ चं, लिबटूल १९९६ चं, तेव्हा एचपी-यूएक्स, एआयएक्स, आयरिक्स, अल्ट्रिक्स, सनओएस असे प्रत्येक कंपनीचे आपापले युनिक्स होते आणि प्रत्येकाचं शेल वेगळ्या ठिकाणी लंगडं होतं. त्या काळात एकच शेल स्क्रिप्ट सगळीकडे चालवून दाखवणं ही जादूच होती. पण आमच्या वापरणाऱ्यांपैकी आयरिक्सवर कोणी आहे का हे मी विचारलं तर कोणीच हात वर केला नाही.

सीमेकच्या बाजूनेही वजन आहे. लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपने आधी एसकॉन्स हे बिल्ड टूल करून बघितलं आणि मग २००६ मध्ये सीमेकवर गेले, एवढा अवजड प्रकल्प पेलला त्याने. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ वापरणाऱ्यांना पण सीमेकच घरचं वाटतं. मला मात्र त्याची भाषा वाचताना डोक्याला शॉट लागतो, सगळं स्ट्रिंग, लिस्ट पण सेमीकोलन घातलेली स्ट्रिंगच. हे माझं वैयक्तिक मत, त्यावर भांडायला वेळ नाही.

मेसनची पहिली आवृत्ती यूसी पाक्कानेन यांनी २०१३ मध्ये काढली. त्यात स्वतःचं फंक्शन लिहिता येत नाही, स्टार-डॉट-सी करून फायली गोळा करता येत नाहीत, आणि ज्यांना हा दोष वाटतो त्यांना मी एवढंच सांगेन की आमची ६४० ओळींची फाइल एकदा उघडून बघा, हुशार लोकांना मोकळं रान दिलं की काय होतं ते त्यात दिसतं. मोठ्या प्रकल्पांपैकी सिस्टमडी २०१७ मध्ये मेसनवर गेलं, क्यूईएमयू २०२० मध्ये, पोस्टग्रेसने १६ व्या आवृत्तीत जुन्याच्या शेजारी ठेवलं. म्हणजे वाट मळलेली आहे.

मेसन ठरलं. पायथन नको असणाऱ्यांसाठी मुऑन म्हणून मेसनचं सी मध्ये लिहिलेलं रूप आहे आणि निंजाच्या जागी सामुराई आहे, ते रीडमीमध्ये नोंदवायचं कबूल केलं. मूळ मेंटेनर "करा, पण वापरणाऱ्याला कळता कामा नये" एवढंच म्हणाले. हे वाक्य मी वर चिकटवून ठेवलंय. बायनरी तीच, फायली त्याच जागी, सिम्बॉल (लायब्ररीतून बाहेर दिसणारी फंक्शनची नावं) तेच. हीच परीक्षा.

११ जानेवारी, शनिवार

आज एकही ओळ नवीन लिहिली नाही, फक्त उत्खनन.

कॉन्फिगर.एसी मध्ये जेवढ्या तपासण्या आहेत त्यांची यादी काढली आणि प्रत्येकीचा निकाल सोर्समध्ये कुठे वापरलाय ते ग्रेप करून बघितलं. ७१ तपासण्या, त्यातल्या ४८ चा निकाल कोणी विचारतच नाही. स्ट्रिंग.एच आहे का? मेममूव्ह आहे का? एसटीडीलिब.एच आहे का? कॉन्फिगर चालवलं की हे सगळं ऐटीत छापून येतं, चेकिंग फॉर अमुक, येस, चेकिंग फॉर तमुक, येस, आणि सोर्समध्ये हॅश-इन्क्लूड बिनशर्त. नसतं तर कंपाइल तिथेच मेलं असतं. इतकी वर्षं प्रत्येक वापरणाऱ्याच्या मशीनने हे प्रश्न विचारले आणि उत्तर ऐकायला कोणीच नव्हतं.

त्यात एक रत्न सापडलं, मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) नीट आहे का ते बघणारा मॅक्रो. तो एक छोटा प्रोग्रॅम चालवून मॅलॉकला शून्य बाइट मागतो. क्रॉस कंपाइल (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड) करताना प्रोग्रॅम चालवताच येत नाही, मग तो वाईटच गृहीत धरतो आणि गुपचूप मॅलॉकचं नाव बदलून आरपीएल_मॅलॉक करतो, जे आम्ही कधी लिहिलेलंच नाही. लिंक करताना बोंब. आमच्या बग ट्रॅकरवर हा बग चार वेळा आलाय आणि चारही वेळा आम्ही कॅश व्हेरिएबलला हाताने येस द्या असं सांगून बंद केलाय. मूळ मॅक्रोच काढून टाकावा असं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही, चौथ्या वेळी उत्तर मीच दिलं होतं.

१२ जानेवारी, रविवार

कालचंच पुढे. एका ओळीवर अख्खा दिवस गेला.

कंपायलर फ्लॅगमध्ये एक नो-स्ट्रिक्ट-अलायझिंग पडलाय. वर कॉमेंट नाही. गिट ब्लेम (ओळ कोणी, कधी घातली ते सांगणारी कमांड) केलं, कमिट मेसेज आहे "फिक्स". फक्त फिक्स. काढून बघितला, सगळ्या टेस्ट पास. छान, म्हणून पुसणार होतो तेवढ्यात आठवलं की मी ऑप्टिमायझेशन बंद ठेवून बिल्ड केलंय. ओ-टू (ऑप्टिमायझेशन चालू करणारा फ्लॅग) लावून परत चालवलं, तर एका कॅमेऱ्याच्या फाइलमधली तारीख चुकीची वाचली जायला लागली. एका ठिकाणी १६ बिटच्या आकड्यांच्या बफरवर थेट ३२ बिटचा पॉइंटर टाकून वाचलंय, कंपायलर म्हणतो हे दोन वेगळे टाइप आहेत, एकमेकांना शिवणारच नाहीत, आणि तो वाचनाचा क्रम बदलतो. तो कोड मेमकॉपी वापरून नीट लिहिता येईल, पण अशा जागा किती आहेत देव जाणे.

फ्लॅग नव्या फाइलमध्ये तसाच ठेवला, वर सहा ओळींची कॉमेंट लिहिली. बिल्ड टूल बदलताना कोड दुरुस्त करायचा नाही, एका वेळी एकच वाट्टोळं.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्यांदा पूर्ण बिल्ड झालं! मेसन.बिल्ड सगळ्या मिळून २१० ओळी. निंजा मारलं की क्षणात मोकळं. आमची बिचारी जुनी मेक एका फोल्डरमधून दुसऱ्यात जात प्रत्येक ठिकाणी नवीन मेक चालवायची, आणि त्यात अवलंबित्वाचं पूर्ण चित्र कोणाकडेच नसायचं, यावर पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकातच निबंध लिहून ठेवलाय आणि आम्ही तो वाचून माना डोलावल्या आणि तसंच चालू ठेवलं. निंजा क्रोमच्या बिल्डसाठी जन्मलं, त्यामुळे आमच्या साठेक फायली त्याच्या दाताखाली पण येत नाहीत.

खूश होऊन बेंचमार्क चालवला, तर लायब्ररी तिपटीने हळू. अर्धा तास घाम फुटला. कारण इतकं साधं की लिहायची लाज वाटते: ऑटोकॉन्फ काही न सांगता ओ-टू लावतं, मेसन काही न सांगितलं तर डिबग बिल्ड करतं, ऑप्टिमायझेशन शून्य. डिफॉल्टमध्ये बिल्डटाइप डिबगऑप्टिमाइज्ड घातला, आकडे पुन्हा जागेवर.

त्याच झटक्यात हेही कळलं की जुनं बिल्ड शेअर्ड आणि स्टॅटिक दोन्ही लायब्ररी करायचं, मेसन फक्त शेअर्ड करतं. डिफॉल्ट लायब्ररी बोथ.

२५ जानेवारी, शनिवार

आजची पद्धत चांगली जमली, पुढच्या वेळी कोणी करत असेल तर इथूनच सुरुवात करा. दोन्ही बिल्डमधून तयार झालेली कॉन्फिग.एच (तपासण्यांचे निकाल असलेली हेडर फाइल) शेजारी-शेजारी ठेवली, सॉर्ट केली, डिफ काढला. डोळ्यांनी बिल्ड फाइल वाचून जे कळत नाही ते डिफ तोंडावर फेकतो.

पहिलाच फरक मी स्वतःच घातलेला. मेसनमध्ये निकाल कॉन्फिग.एच मध्ये टाकायला सेट आणि सेट१० असे दोन प्रकार. सेट१० बरं वाटलं, एक किंवा शून्य, स्वच्छ. पण आमच्या सोर्समध्ये सगळीकडे हॅश-इफडेफ (नाव डिफाइन झालंय का एवढंच बघणारी ओळ) आहे, आणि शून्य डिफाइन केलं तरी ते डिफाइन झालेलंच असतं ना! म्हणजे नसलेलं प्रत्येक फीचर आता आहे असं झालं. मॅकवर कंपाइल तुटलं म्हणून कळलं, लिनक्सवर जवळपास सगळंच असल्यामुळे काही जाणवलं नाही. सगळीकडे साधं सेट केलं.

२६ जानेवारी, रविवार

सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून प्रोग्रॅम कोसळला. माझ्या मशीनवर नाही, सीआयमधल्या (कोड आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवरच्या) जुन्या लिनक्स डिस्ट्रोवर, आणि तिथेही फक्त एका फॉरमॅटला.

हे नीट लिहितो. आमचा एक पार्सर फाइलमध्ये मार्कर शोधायला मेममेम वापरतो. हे फंक्शन स्टँडर्ड सी मधलं नाही, जीएनयू_सोर्स डिफाइन केलं तरच हेडर ते दाखवतं. कॉन्फिगर.एसी मध्ये सिस्टम एक्स्टेन्शन चालू करणारी एक ओळ होती, ती ते डिफाइन करत होती. मी ती ओळ ४८ वाल्या यादीत टाकून उडवली होती, कारण त्या नावाने सोर्समध्ये ग्रेप केलं तर काहीच सापडत नाही. सापडणार कसं, ते वाचणारे आम्ही नाही, सिस्टमची हेडर आहेत.



मग झालं असं की कंपायलरला मेममेमचं डिक्लेरेशन दिसेना. जीसीसी १४ (सी कंपायलर) याला सरळ एरर धरतं, पण सीआयवर जीसीसी १२ होतं, ते वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि समजतं की अनोळखी फंक्शन आहे म्हणजे इंट परत करत असणार. इंट ३२ बिटचा, पॉइंटर ६४ बिटचा. वरचा अर्धा भाग छाटला गेला. डिबगरमध्ये पॉइंटर छापून बघितला तर पुढचे आठही अंक एफ एफ एफ एफ, म्हणजे उरलेला अर्धा भाग ऋण आकडा समजून लांबवलेला. हा अंक बघितल्यावर मात्र एका सेकंदात ट्यूब पेटली, पण तिथवर पोचायला चार तास.

आणि माझ्या मशीनवर का नाही? कारण माझ्या जुन्या बिल्ड फोल्डरला एन्व्हायर्नमेंटमधून सीफ्लॅग्जमध्ये जीएनयू_सोर्स चिकटलेलं होतं, कुठल्या तरी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी कधीतरी टाकलेलं. ते आधी काढलं.

आता जीएनयू_सोर्स प्रोजेक्टच्या सगळ्या फायलींना लागतं आणि डिक्लेरेशन नसेल तर एरर, कुठल्याही जीसीसीवर.

२ फेब्रुवारी, रविवार

सोनेम, म्हणजे आवृत्तीच्या आकड्यासकट ज्या नावाने प्रोग्रॅम शेअर्ड लायब्ररी मागतात ते. या एका विषयामुळे लोक मायग्रेशन करून रात्रीत शिव्या खातात.

लिबटूलला आम्ही व्हर्जन-इन्फो देतो ७:२:४. करंट, रिव्हिजन, एज. माझी पहिली समजूत अशी की पहिला आकडा ७ म्हणजे लायब्ररीची सोआवृत्ती ७, आणि मी मेसनमध्ये सोव्हर्जन ७ टाकून मोकळा झालो. बिल्ड पास, टेस्ट पास, सगळं हिरवं. मग वर चिकटवलेलं वाक्य आठवलं आणि दोन्ही बिल्ड वेगवेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून फायलींची यादी जुळवली. जुन्यात डॉट एसओ डॉट ३, नव्यात डॉट एसओ डॉट ७.

लिनक्सवर लिबटूल करंटमधून एज वजा करतं. ७ वजा ४, ३. पूर्ण नाव ३.४.२, म्हणजे उरलेले दोन आकडे एज आणि रिव्हिजन. जी लायब्ररी गेली काही वर्षं प्रत्येक प्रोग्रॅम ३ या नावाने मागतोय ती मी ७ नावाने ठेवणार होतो. अपडेट घेतल्याबरोबर आमच्यावर अवलंबून असलेला प्रत्येक प्रोग्रॅम लायब्ररी सापडत नाही म्हणून उभा राहिला असता, आणि हे कुठल्याही टेस्टमध्ये दिसत नाही, कारण टेस्ट नव्या लायब्ररीशी नव्यानेच लिंक होतात.

मेसनमध्ये व्हर्जन ३.४.२ दिलं की सोव्हर्जन ३ आपोआप. मॅकवर आणखी निराळं त्रांगडं: तिथे लिबटूल कंपॅटिबिलिटी व्हर्जन करंट अधिक एक असं लावतं, म्हणजे ८ आणि ८.२, तेवढ्यासाठी मेसनमध्ये डार्विन व्हर्जन्स म्हणून वेगळं आर्ग्युमेंट आहे. ते हाताने भरलं आणि वर कॉमेंटमध्ये पूर्ण वजाबाकी लिहिली. पुढच्या रिलीजला जो आकडा बदलेल त्याला हे गणित इथेच दिसावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सिम्बॉल. लिबटूलला एक रेजेक्स (नावं जुळवायचा नमुना) देऊन ठेवला होता, आमच्या प्रीफिक्सने सुरू होणारी सगळी फंक्शन बाहेर दिसतील, बाकी झाकलेली. मेसनमध्ये असली सोय नाही, मग व्हिजिबिलिटी हिडन केली आणि पब्लिक हेडरमधल्या प्रत्येक फंक्शनला एक्स्पोर्टचा मॅक्रो लावला. दोन तास नुसती कॉपी-पेस्ट.

एनएम ने दोन्हीकडचे सिम्बॉल काढून जुळवले, जुने १४३, नवे १४१. गायब झालेली दोन फंक्शन कुठल्याच पब्लिक हेडरमध्ये नाहीत, नुसती प्रीफिक्स जुळतो म्हणून इतकी वर्षं बाहेर दिसत होती. कोण वापरणार, असं म्हणून सोडणार होतो, पण शोधलं तर एक इमेज व्ह्यूअर स्वतःच डिक्लेरेशन लिहून त्यातलं एक वापरतोय. बरोबर आहे का? नाही. तुटलं तर शिव्या कोणाला? आम्हाला. दोन्ही ठेवली, १४३ ला १४३.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टेस्ट. ५८ पैकी ९ फेल, आणि परत चालवल्या तर ६, परत चालवल्या तर ११. दर वेळी वेगळ्या. असलं काही दिसलं की मला पोटात गोळा येतो.

मेसन टेस्ट एकाच वेळी चालवतं, जेवढे कोअर तेवढ्या. आमच्या निम्म्या स्क्रिप्ट /टीएमपी मध्ये आउट.जेपीजी याच नावाने फाइल लिहितात. एकटी असताना सज्जन, गर्दीत एकमेकींच्या फाइलवर बसतात. जुन्या मेकला जे-आठ दिलं असतं तरी हेच झालं असतं, पण कधी कोणी दिलंच नाही. सगळ्यांना एकेक करून चालवायला लावणं हा आळशी उपाय आहे, तो मी अर्धा तास लावून ठेवला आणि मग लाज वाटून काढला. प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःचं तात्पुरतं फोल्डर दिलं.

उरलेल्या दोन फेल होत होत्या कारण ऑटोमेक टेस्टला एसआरसीडीआयआर हा व्हेरिएबल देतं, मेसन देत नाही, तो हाताने दिला. एक्झिट कोड ७७ म्हणजे स्किप हा जुना संकेत मात्र मेसनने तसाच पाळलाय, ते बघून बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या फाइलची टेस्ट ३० सेकंदांनंतर मारली जातेय. मेसनचा डिफॉल्ट टाइमआउट. वाढवला. बास आजचं.

१ मार्च, शनिवार

ब्रांच उघडी करून दोन डिस्ट्रोंच्या पॅकेजरना बघायला सांगितलं होतं, त्यांची उत्तरं आली. ही मंडळी फुकटचे ऑडिटर आहेत, त्यांना आधीच विचारायला हवं होतं.

पहिल्याचं म्हणणं, प्रीफिक्स देऊन इन्स्टॉल केलं तर लायब्ररी लिब मध्ये न जाता लिब६४ मध्ये गेली. मेसन डिस्ट्रो बघून फोल्डर ठरवतं, ऑटोटूल्स डोळे झाकून लिब मध्ये टाकायचं. पॅकेजरना फरक पडत नाही, ते स्वतःच पथ देतात, पण घरी हाताने बिल्ड करणाऱ्याला पडेल, रीडमीमध्ये टाकलं.

दुसऱ्याने विचारलं की डॉट एलए फायली (लिबटूल लायब्ररीसोबत ठेवतं त्या) कुठे गेल्या, आणि पुढच्याच ओळीत लिहिलं की गेल्या ते उत्तम, आम्ही दर वेळी पुसतच होतो.

त्यानेच टारबॉलचा विषय काढला आणि तो मला या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोर (लपवलेली चोरवाट) सापडलं, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत गेले आणि ते उघडकीला आलं. ते कोडला जोडणारी एम४ फाइल (कॉन्फिगरच्या मॅक्रोंची) गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. ऑटोटूल्सच्या टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेल्या हजारो ओळी असणं हेच नेहमीचं, त्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही. आमच्या मागच्या टारबॉलमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट उघडून बघितली, अठरा हजार ओळी, आणि ती मी कधी वाचली का? मेसन डिस्ट गिटमध्ये जे आहे तेच बांधून देतं. पॅकेजर आता दोन्ही जुळवून बघू शकतो.

पण यावरून मेसन घेतलं म्हणजे सुरक्षित झालो असं कोणी लिहू नका, मी पीआरच्या (बदल स्वीकारायच्या विनंतीच्या) वर्णनातून ते वाक्य काढायला लावलंय. त्याच एक्सझेड प्रकरणात सीमेकच्या फाइलमध्ये एका तपासणीच्या कोडमध्ये एकच टिंब घुसवलं होतं. त्या टिंबामुळे ती तपासणी कधीच कंपाइल व्हायची नाही आणि लँडलॉक या लिनक्सच्या सोयीचं संरक्षण गुपचूप बंद राहायचं. असलं टिंब मेसनमध्येही घालता येतं. म्हणून आता आमच्याकडे सीआय शेवटी कॉन्फिग.एच मधला निकाल अपेक्षित यादीशी जुळवतं, लिनक्सवर अमुक गोष्ट सापडलीच पाहिजे, नाही सापडली तर लाल.

९ मार्च, रविवार

क्रॉस कंपाइल. आमच्याकडे एक छोटा सी प्रोग्रॅम आहे जो टॅगच्या यादीवरून टेबलचं हेडर तयार करतो. तो बिल्ड करणाऱ्या मशीनवर चालायला हवा, लायब्ररी मात्र दुसऱ्या मशीनसाठी. ऑटोमेकमध्ये यासाठी दहा ओळींचा जुगाड होता, सीसी_फॉर_बिल्ड नावाचा, अर्धवट चालणारा. मेसनमध्ये नेटिव्ह ट्रू. दोन शब्द. या एका गोष्टीवर मूळ मेंटेनरांचा मेल आला, फक्त "छान" लिहिलेला, आणि त्यांच्याकडून छान म्हणजे किती ते आम्हालाच माहीत.

२२ मार्च, शनिवार

रिलीज गेली, दोन्ही बिल्ड एकत्र ठेवून. सिस्टमडीनेही एका रिलीजपुरती दोन्ही ठेवून पुढच्यात जुनी काढली होती, तेच केलं.

दोन बायका फजिती ऐका. एकाने नवीन सोर्स फाइल मेकफाइल.एएम (ऑटोमेकची फाइल) मध्ये घातली आणि मेसनमध्ये विसरला, दुसऱ्याने उलट. त्यात एका नव्या पोराने मेकफाइलमध्ये टॅबच्या जागी आठ स्पेस दिल्या आणि मिसिंग सेपरेटर बघत तासभर बसला. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक लिहिलं तेव्हा टॅब ठेवला, पुढे त्यांना तो बदलावासा वाटला पण तोवर डझनभर लोक वापरत होते, त्यांचं तुटायला नको म्हणून राहू दिला. डझनभर! मी मात्र दोन सिम्बॉलसाठी हेच केलंय, त्यामुळे हसायचा हक्क नाही.

सीआयमध्ये दोन्हीकडच्या फायलींची यादी जुळवणारी स्क्रिप्ट टाकली.

१९ एप्रिल, शनिवार

चार आठवडे झाले, जुन्या बिल्डवरून एकही तक्रार नाही, नव्यावरून तीन, तिन्ही किरकोळ. आज कॉन्फिगर.एसी, सगळ्या मेकफाइल.एएम, एम४ फोल्डर, कॉन्फिग.गेस, कॉन्फिग.सब काढून टाकलं. कमिट करायला मूळ मेंटेनरांनाच सांगितलं, त्यांनीच कधीकाळी हे सगळं घातलं होतं. त्यांनी कमिट मेसेजमध्ये अठ्ठावीस ओळी लिहिल्या, कुठली तपासणी कुठल्या मशीनसाठी होती, कोणाकडे ती मशीन होती, आणि तो नो-स्ट्रिक्ट-अलायझिंग वाला "फिक्स" आपलाच होता हे पण.

२० एप्रिल, रविवार

सकाळीच एक इश्यू, कॉन्फिगर स्क्रिप्ट सापडत नाही, माझी बिल्ड स्क्रिप्ट तुटली. कॉन्फिगर नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवून आतून मेसन बोलवावं का यावर विचार केला, नको, तिला पण पुढे कोणीतरी सांभाळत बसेल. तीन कमांड लिहून पाठवल्या, सेटअप, कंपाइल, इन्स्टॉल. त्याचं काम झालं.

रिस्क-व्ही वाल्याने टेस्टचा लॉग पाठवलाय, ५६ पास, २ स्किप. त्या दोन का स्किप होतायत ते बघायचंय, आमच्याकडे तर त्या चालतात.